सकाळी सहाची ओळ

तैवानमधल्या तुंगकांग बंदरावरच्या माझू या समुद्रदेवीच्या देवळात तीन कंप्युटर आहेत, आणि तिन्ही लुआनताईंच्या ताब्यात. देवीपेक्षा लोक ताईंनाच जास्त घाबरतात, असं समितीचे म्हातारे चहा पिता पिता म्हणतात आणि ताई दिसल्या की हवापाण्यावर बोलायला लागतात. भिणारच. नाकावर माशी बसू देत नाही ही बाई. एकदा खुद्द अध्यक्षांनी त्या खोलीत उदबत्ती पेटवली, तर ताईंनी ती त्यांच्या हातातून काढून घेऊन बाहेर कुंडीत खोचली. "देवीला धूर चालतो, मशीनला चालत नाही," म्हणाल्या.

खोली स्वयंपाकघराच्या मागे, पूर्वी तांदळाची पोती ठेवायचे तिथे. एक विंडोजचं मशीन, एक लिनक्सचं, आणि एक मॅक, जो कुणा भक्ताने जत्रेचे फलक करायला दिला आणि परत न्यायला विसरला. प्रत्येकाच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं एकेक हिरवं पाकीट. हे काही ताईंचंच खूळ नाही. आमच्याकडे बँकेत जा, इस्पितळात जा, मशीनवर ते पाकीट असतंच, कारण त्याच्या नावाचा अर्थच मुळी 'शहाण्यासारखं वाग' असा. पाकीट हिरवंच लागतं, नारळाच्या चवीचं. तारीख उलटलेली चालत नाही आणि खाणं तर पापच. शिकलेसवरलेले इंजिनियर यावर हसतात आणि मग गुपचूप जाऊन पाकीट बदलून येतात.

लुआनताईंची उमर बर्फाच्या कारखान्यात गेली. मासेमारीच्या बोटींना बर्फ देणारा कारखाना. ताई तिथे कंप्युटरवर बसायच्या. कारखाना बंद पडला तेव्हा त्या पन्नाशी उलटून गेल्या होत्या आणि गुडघे कुरकुरायला लागले होते. नवरा, आफाकाका, टुना पकडायला लांबच्या समुद्रात जायचा. तोही बोट सोडून घरी बसलेला. दोघं घरात दिवसभर समोरासमोर बसली असती तर एकमेकांच्या डोक्यावर मिऱ्या वाटल्या असत्या. समितीने विचारलं आणि ताई देवळात आल्या.

त्यांचं मुख्य काम दिव्यांच्या पानाचं. देवळाच्या भिंतीवर छोट्या छोट्या कोनाड्यांत दिवे असतात, प्रत्येकाखाली एकाचं नाव. दर नवीन वर्षाला घरचे लोक पैसे भरतात आणि वर्षभर दिवा जळत राहतो, त्या माणसाचं बरं होवो म्हणून. गाव सोडून गेलेली माणसं काही रोज येऊन बघणार नाहीत. म्हणून ताईंनी इंटरनेटवर पान केलं: नाव टाका, जुन्या पंचांगाप्रमाणे जन्मतारीख टाका, की तुमचा दिवा दिसतो. खाली बारीक अक्षरात येतं, 'याआधीचं दर्शन', आणि दिवसवेळ. ही अध्यक्षांची हौस. ताईंनी तोंड वाकडं करून ती पुरवली.

भिंतीवर वरून तिसऱ्या रांगेत एक दिवा आहे, हुंग पेई-युन या नावाचा. ताईंची एकुलती एक मुलगी. शिकली, चिप बनवायच्या मशीनांचं काम करायला हॉलंडला गेली. गेली तेव्हा सगळं गोड होतं. मग आजी वारली, म्हणजे आफाकाकांची आई, जिने पेई-युनला मांडीवर वाढवलं. पोरीला सुट्टी मिळेना, विमान मिळेना. सातव्या दिवसाचा विधी तिच्याविना झाला. आफाकाका फोनवर म्हणाले, "आजीला पोचवायला येता येत नसेल, तर आता येऊच नकोस." आणि फोन ठेवला. बस. चार वर्षं झाली त्याला. नवीन वर्षाला पोरीकडून आईला फुलांचं एक चित्र येतं फोनवर, आई एक चित्र परत पाठवते. घरात तिचं नाव निघत नाही. पण दिव्याचे पैसे ताई दर वर्षी भरतात, नवऱ्याला न सांगता.

आता ओळीचं सांगते. मशीन दिवसभर जे काही करतं ते स्वतःच लिहून ठेवत असतं. कोण आलं, कधी आलं, काय मागितलं. त्याला लॉग म्हणतात. ताई रोज सकाळी आधी तिन्ही मशीनांचे लॉग बघणार आणि मग चहा. तर आजी गेल्यानंतरच्या हिवाळ्यात त्यांना लिनक्सच्या लॉगमध्ये एक ओळ दिसली. कुणीतरी पेई-युनचा दिवा उघडला होता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. वेळ रोज तीच, सकाळी सहाच्या आसपास. ताईंनी बोटांवर हिशेब केला. आपल्याकडे सकाळचे सहा म्हणजे तिकडे रात्रीचे अकरा. उन्हाळ्यात त्यांची घड्याळं सरकतात, मग बारा. तिकडे उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो म्हणे, पोरगी उशिरा झोपत असेल. झोपायच्या आधी दिवा बघते माझी बाय! आणि जुन्या पंचांगातली जन्मतारीख घरच्याशिवाय ठाऊक कुणाला असणार?

कुणाला बोलल्या नाहीत ताई. पण त्या ओळीवर त्यांचा दिवस उभा राहायचा. ओळ वाचायची, मग आपणही तो दिवा उघडून बघायचा, मग चहा. महिन्याभराने जुने लॉग मशीन आपोआप पुसून टाकतं, ते त्यांनी बंद केलं. फोन करावा असं कितीदा मनात आलं. पण रोज बघतेय ना, मग कशाला टोकायचं? टोकलं आणि बघायचं थांबवलं तर? येईल तिची ती.

या वर्षी मात्र डॉक्टरांनी ऐकलं नाही. गुडघा उघडायलाच हवा, मग महिनाभर घरी. लॉग बघायला कुणीतरी तयार करणं भाग होतं. समितीने च्यूबाईंना दिलं. च्यूबाई म्हणजे देवळाच्या खिडकीवर बसून दिव्यांच्या पावत्या फाडणारी बाई, ताईंपेक्षा वीसेक वर्षांनी लहान. बाई मनाने निर्मळ, पण तोंडाचा पट्टा बंद होईल तर शपथ.

"ताई, मला यातलं ओ की ठो कळत नाही हं," खुर्ची ओढत च्यूबाई म्हणाल्या.

"कळायला कशाला हवं? डोळे आहेत ना? मशीन कुठलंही असो, चार गोष्टी बघायच्या. कधी, कोण, काय मागितलं, आणि मिळालं की नाही."

"एवढंच? हे तर मी गल्लीतल्या सगळ्यांचं बघते."

"म्हणूनच तुला बसवलंय इथे," ताई म्हणाल्या. "हे विंडोज. याला सगळं कप्प्यांत लावून ठेवायची सवय. हे 'इव्हेंट व्ह्यूअर' उघडायचं. लाल खूण दिसली की थांब. पिवळा त्रिकोण दिसला तर वाच आणि पुढे जा. निळ्याकडे बघू नकोस, ते नुसतं 'मी जेवलो, मी झोपलो' असतं. हे लिनक्स. याच्याकडे नटवेपणा नाही, साध्या फायली. पहिल्या ओळीपासून वाचत बसलीस तर इथेच म्हातारी होशील. शेपटाकडून वाचायचं, ताजं ते तळाशी असतं."

"आणि हा पांढरा साहेब?"

"मॅक. याचा 'कन्सोल' उघडलास की बघ, तोंड मिटत नाही त्याचं. हवा तो शब्द टाकून तेवढंच शोधायचं."

"अगदी माझ्या सासूबाई!" च्यूबाई खूष झाल्या.

मग आकडे. दोनशे म्हणजे दर्शन झालं, पान नीट मिळालं. चारशे चार म्हणजे जे नाहीच ते मागत होता. पाचशे म्हणजे चूक आपली, ताबडतोब फोन कर, मी पायाला पट्टी बांधलेली असले तरी कर. मग वेळ: लिनक्स जगाच्या घड्याळाने लिहितं, त्यात आठ तास मिळव, की तैवानची वेळ. विंडोज आपल्याच घड्याळाने लिहितं.

"आणि कोण आलं ते?"

"ते जरा वळसा घालून." इथे ताईंचा आवाज का कोण जाणे खाली आला. "येणारा आधी विंडोजच्या दारावर येतो, ते त्याला आत लिनक्सकडे पाठवतं. म्हणून लिनक्सच्या लॉगमध्ये 'कोण' या जागी नुसता दारवानाचाच पत्ता दिसतो. खरा पाहुणा कोण ते कळायला दारावरच्या लॉगमध्ये तीच वेळ शोधायची. पत्ता एकशे ब्याण्णवने सुरू झाला तर माणूस घरचा, आपल्याच अंगणातल्या वायफायवरचा. दुसरा काही असला तर बाहेरचा."

हे ताईंना पहिल्या दिवसापासून येत होतं. दिवसातून दहा ओळी त्या अशा जुळवायच्या. एक ओळ सोडून. ती जुळवायला हात गेला की काहीतरी दुसरं काम आठवायचं. न जुळवता ती पेई-युनची होती. मग जुळवायची कशाला?

"आता कुठल्याही पाच ओळी घे आणि जुळवून दाखव," म्हणत ताई उठल्या, तेवढ्यात त्यांचं लक्ष विंडोजच्या मशीनवर गेलं. "हे काय? हे कुणी ठेवलं?"

हिरव्या पाकिटाच्या जागी पिवळं पाकीट होतं.

"मी," च्यूबाई कौतुकाने म्हणाल्या. "जुन्याची तारीख संपत आली होती, म्हटलं नवं आणू. हिरवं संपलं होतं दुकानात. हे मसाल्याचं आहे, चवीला जास्त छान—"

"चव? मशीन चाखणार आहे का? पिवळं म्हणजे धोका! अगं, मशीनचा पिवळा दिवा लागतो तो काय सणाचा? माझ्या सगळ्या जन्मात कुणी पिवळं ठेवलं नव्हतं!" आणि ताई दुखरा गुडघा ओढत तशाच निघाल्या, बंदरापर्यंतची सगळी दुकानं पालथी घालायला. च्यूबाईंनी कानाला हात लावला आणि निमूटपणे ओळी जुळवायला घेतल्या.

ताई हिरवं पाकीट घेऊन परतल्या तेव्हा च्यूबाईंचा चेहरा फुलला होता.

"ताई, पास! आणि मी मुद्दाम तुमच्या घरची ओळ घेतली. पेई-युनचा दिवा कुणीतरी रोज बघतं, ठाऊक आहे? लिनक्समध्ये रात्रीचे दहा, अधिक आठ, सकाळचे सहा. दारावरच्या लॉगमध्ये सहाला बघितलं. एकशे ब्याण्णव! घरचं! कालचं बघितलं, परवाचं बघितलं, गेल्या महिन्याचं बघितलं. सगळं एकशे ब्याण्णव, आपल्या अंगणातलं."

ताई पाकीट हातात धरून उभ्याच राहिल्या.

"मग मी म्हटलं, सहाला अंगणात असतं कोण? मी दार उघडायला येते तेव्हा वडाखाली एकच माणूस असतो की. आपले आफाकाका! फोन नाकाला लावून बसलेले. मी आपली समजत होते, बुद्धिबळ बघतात."

"बरोबर आहे," ताई म्हणाल्या. पाकीट मशीनवर ठेवलं, कडेला कड लावून सरळ केलं. "नीट जुळवलंस. शाब्बास."

त्यांना रडू आलं नाही, राग आला. च्यूबाईंचा आला, पिवळ्या पाकिटाचा आला, आणि घरी बसलेल्या त्या म्हाताऱ्याचा तर असा आला की विचारू नका. चार वर्षं ज्या ओळीला त्या लेक समजून कुरवाळत होत्या, ती याची होती. पोरगी बघत नव्हती. एकदाही बघितलं नव्हतं तिने. त्या दिवशी चहा ताईंनी घेतलाच नाही.

संध्याकाळी आफाकाका नेहमीसारखे फुर्र फुर्र करत माशाच्या गोळ्यांचं सूप पीत होते. ताई समोर बसून त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"काय झालं? मीठ जास्त झालं का?" काका म्हणाले.

"काही नाही. गीळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाच्या आधी काका बाहेर पडले आणि त्यांच्या मागोमाग काठी टेकत ताई. वडाखाली काका बसले होते, चष्मा कपाळावर, फोन नाकाशी. पेई-युनचा दिवा उघडलेला लांबूनच ओळखू येत होता. ताईंना पाहताच फोन मांडीखाली गेला.

"काय बघतोस रे म्हाताऱ्या?"

"हवामान."

"हवामानाला आपल्या पोरीचं नाव ठेवलंय वाटतं."

काका गोरेमोरे झाले. मग एकदम ताईंचा हात धरून त्यांनी शेजारी बसवलं आणि कुजबुजायला लागले, जणू मोठ्याने बोललं तर काही तरी उडून जाईल. "ओरडू नकोस. ऐक. ती बघते, आ-लुआन."

"कोण?"

"पेई-युन! रोज बघते. हे खाली बघ, 'याआधीचं दर्शन'. काल सकाळी नऊ. परवा बघितलं तेव्हाही नऊ. रोज नऊ." बोटीवर जन्म काढलेला माणूस, कुठे किती वाजले याचा हिशेब त्याला शिकवायला नको. "आपले नऊ म्हणजे तिकडे रात्रीचे दोन. पोरगी रात्री दोनला उठून बघते गं. झोप लागत नाही तिला. माझ्यामुळे. मी रोज येतो ते एवढ्यासाठी. काल आली होती का बघायला."

नऊ वाजता. लॉग झाल्यावर, चहाच्या आधी. ताईंना ठाऊक होतं नऊला तो दिवा कोण उघडतं.

गप्प बसता आलं असतं. अगदी ओठांवर आलं होतं, 'हो रे, बघते पोरगी.' या माणसाने उरलेली वर्षं वडाखाली सुखात काढली असती. पण काल कळलेलं ते एकटीने बाळगणं ताईंना झेपेना.

"नऊला मी बघते," त्या म्हणाल्या.

"तू?"

"मी. आणि सहाला तू. मी समजत होते, ती."

काकांनी फोनवरच्या त्या नऊच्या आकड्याकडे पुन्हा बघितलं. समुद्रावरून वारा आला, वडाची पानं वाजली. "मग ती?" त्यांनी विचारलं.

"ती नाही."

"नीट बघितलंस? सगळ्या मशीनांत?"

"सगळ्या."

"मशीन चुकत असेल. पाकीट कुठलं ठेवलंयस?"

"हिरवंच आहे रे," ताई म्हणाल्या, आणि आता मात्र त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मग काका म्हणाले, "बघतेय म्हणून मी फोन केला नाही. म्हटलं, राग गेला असेल तर करेल तीच."

"मीही तेच म्हटलं."

"तिकडे—"

"अकरा," ताई म्हणाल्या. दोघांनाही ते मोजावं लागलं नाही.

काकांनी फोन पुढे केला. "तू लाव."

"मी का? येऊ नकोस मी म्हटलं होतं? ज्याने म्हटलं त्याने लावावा."

काकांनी चष्मा खाली ओढला, बोट पुसलं आणि लावला. बराच वेळ वाजत राहिला. ताईंनी त्यांची बाही घट्ट धरली होती.

"बाबा?" पलीकडून घाबरा आवाज आला. "काय झालं? आई बरी आहे ना? बाबा, बोला ना!"

ताईंनी फोन ओढून घेतला. "काही झालेलं नाही. मी इथेच आहे. गुडघा कापायचाय, बाकी मेले नाही अजून."

"आई!"

काकांना काहीतरी बोलायचंच होतं. माफी त्यांना येत नव्हती, आयुष्यात कधी मागितली नव्हती. फोनवर वाकून ते म्हणाले, "तुझा दिवा जळतोय."

"कुठला दिवा?"

"देवळातला. दर वर्षी लावते तुझी आई. मला न सांगता."

"माझा? अजून?" पेई-युन म्हणाली. "मला वाटलं, आजी गेल्यावर तुम्ही काढून टाकला असेल." तिचा आवाज बारीक झाला. "आई, मला दिसेल का गं तो?"

"न दिसायला काय झालं? देवळाचं पान उघड. नाव टाक, जुन्या पंचांगाची जन्मतारीख टाक."

"ती कुठे माहीत आहे मला? आजीच सांगायची दर वर्षी, आज तुझा खरा वाढदिवस म्हणून. ती गेल्यापासून मला कळतच नाही, कधी असतो."

घरच्याशिवाय कुणाला ठाऊक, हीच चार वर्षं ताईंची खात्री होती, आणि पोरीला तेवढं सांगायला घरात कुणी उरलंच नव्हतं. "आठवा महिना," त्या सावकाश म्हणाल्या, "तिथी अकरावी. लिहून ठेव. परत विसरायचं नाही."

टकटक ऐकू आली. मग थांबली.

"दिसला," पेई-युन म्हणाली. ती रडत होती. काका अजून फोनवर वाकलेले होते.

"पेई-युन," त्यांनी विचारलं, "रात्री झोप लागते ना तुला?"

"लागते की बाबा. का हो?"

"काही नाही, सहज," काका म्हणाले, आणि फोन ताईंच्या हातात देऊन चष्मा पुसत राहिले.